कर्जखतावर तुमची सही नाही

ताई, नमस्कार.

मी कळव्याला राहते, ठाण्यात एका पतपेढीत वसुलीचं काम बघते. वय त्रेचाळीस. माझा जन्म ११ फेब्रुवारी १९८२चा. वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संप लागला आणि त्यांचं काम गेलं, ते परत मिळालंच नाही. मला आठवतं तेव्हापासून मी एकच ऐकत आले, मी पांढऱ्या पायाची. आजी उघड म्हणायची. आई तेव्हा गप्प असायची, पण आजी गेल्यावर तेच आई म्हणायला लागली, 'तू आलीस आणि चूल विझली.' माझं बारसंही झालं नाही. शाळेत घालताना नाव लिहावं लागतं म्हणून लिहिलं. १९८६मध्ये भाऊ झाला, त्याच महिन्यात वडिलांना वागळे इस्टेटमध्ये वॉचमनची नोकरी लागली आणि आम्ही कळव्याला आलो. म्हणून तो चांगल्या पायगुणाचा. मी चौदा वर्षांची असताना वडील गेले. त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. पण आजीला 'असं बोलू नको' असंही कधी म्हटलं नाही.

लग्नकार्यात मी मागे उभी राहते. कुणाची ओटी भरायला पुढे होत नाही. तीन वर्षांपूर्वी पतपेढीने नवीन शाखा काढली, तिथे शाखाधिकारी म्हणून मला विचारलं. मी घरचं कारण सांगितलं. खरं तर माझ्या हाताने शाखा बुडेल अशी भीती वाटली. हे खुळेपणाचं आहे हे मला कळतं. बुद्धीला पटतं, मनाला पटत नाही.

आता लिहायचं कारण वेगळं आहे. जूनमध्ये मुलीला अकरावीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात मिस्टरांची नोकरी गेली. रात्री भांडी घासताना माझ्याच तोंडून निघालं, 'तुझा पायगुणच तसा.' ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी जेवता जेवता म्हणाली, 'आई, आजी तुला म्हणते ती गोष्ट आपल्या घरात मुलींनाच असते का गं?'

आई अडुसष्ट वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. अजून सिलिंडर संपला तरी माझ्याकडे बघते. भावाने ऐरोलीत फ्लॅट घेतलाय, पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. भावजय म्हणते, 'ताई, दूध तुम्हीच उतू घालायचं.' मला काहीतरी निमित्त काढून टाळावंसं वाटतंय. हे मनातून कसं जाईल? आईला माफ करायला हवं का?

एक वाचक, कळवा

* * *

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी तुमची जन्मतारीख एका कागदावर लिहिली आणि तिच्या वर दुसरी तारीख लिहिली, १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी गिरणी संप सुरू झाला. दोन तारखांमध्ये चोवीस दिवसांचं अंतर आहे. तुमचे वडील ज्या साच्यावर उभे राहायचे, तो साचा तुम्ही पहिल्यांदा रडलात तेव्हा चोवीस दिवस बंद होता. तुम्ही रोज पतपेढीत बसून कुणाचा हप्ता किती दिवस थकला ते मोजता. हे चोवीस दिवस मात्र तुम्ही कधी मोजले नसणार, कारण तुमच्यावरचा आरोप इतका जुना आहे की त्याची तारीख तपासायची असते हेच कुणाला सुचलं नाही.

त्या संपात साठाहून जास्त गिरण्या होत्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा, सगळ्या चाळींमध्ये त्या वर्षी पाळणे हलले असतील. त्यातल्या प्रत्येक बाळाच्या पायाने एकेक गिरणी बंद पडली असं कुणी म्हणेल का? बोनसचा वाद १९८१च्या दिवाळीपासूनच धुमसत होता. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवं होतं. कायद्याने मान्यता असलेली युनियन कामगारांना आपली वाटत नव्हती, म्हणून ते कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. मालकांनी जुनी यंत्रं वर्षानुवर्षं बदलली नव्हती, आणि कापड विणायचं काम तुमच्या कळव्यापासून फार लांब नसलेल्या भिवंडीत, यंत्रमागांकडे कधीपासून सरकत चाललं होतं. एवढी सगळी कारणं एका तान्ह्या मुलीच्या दोन पायांवर ठेवली गेली.

का ठेवली गेली, याचा मी बराच विचार केला. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. माणूस गेला की दहावं होतं, तेरावं होतं, सुतक फिटतं. त्या संपाचं काहीच झालं नाही. आज गिरणी सुरू होईल, पुढच्या महिन्यात होईल, दिवाळीनंतर होईल, अशी वाट बघण्यात माणसं म्हातारी झाली. मालक दिसत नव्हते, सरकार दिसत नव्हतं, आणि ज्याच्यावर चिडायचं तो नवरा किंवा मुलगा आधीच मान खाली घालून बसलेला. घरात एकच नवीन गोष्ट आली होती, ती तुम्ही. तुमच्या आजीने दुःखाला हाताशी असलेली जागा दिली. बारशाला पैसे नव्हते म्हणून बारसं झालं नाही, आणि पुढे ते न झालेलं बारसंच तुमच्याविरुद्धचा पुरावा झालं.

त्यांचं दुःख मला समजतं. पण समजलं म्हणून ते योग्य ठरत नाही. तान्ह्या मुलीवर हे लादणं हा अन्याय होता. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तो कुठेच नाही. तुम्ही भीती लिहिलीत, खुळेपणा लिहिलात, माफी लिहिलीत. अन्याय लिहिला नाहीत.

वडिलांच्या गप्प राहण्याबद्दल एकच सांगते. हातातलं काम गेलेल्या माणसाला स्वतःच्याच आईपुढे चुलीबद्दल बोलायला तोंड उरत नाही. त्यांचं गप्प बसणं तुम्ही आजवर तुमच्याविरुद्धची साक्ष म्हणून धरलंत. तसं धरू नका. आणि तुमच्या भावाचाही कधीतरी विचार करा. १९८६मध्ये नोकरी लागली ती वडिलांनी कारखान्यांच्या दारात खेटे घातले म्हणून. त्याचं श्रेय बाळाला गेलं. चांगल्या पायगुणाचं ओझं तुमच्याइतकं टोचत नसेल, पण ज्याच्या पायावर घराचं नशीब उभं आहे त्याला आयुष्यात एकदाही धडपडायची मुभा नसते. वेळ मिळाला तर त्याच्याशी या विषयावर बोला. तुम्हा दोघांना एकाच गोष्टीच्या दोन बाजू मिळाल्या आहेत.

आता तुमच्याच कामाच्या भाषेत बोलते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते. कर्जदाराने हप्ते थकवले की तुम्ही आधी काय काढता? कर्जखत. त्यावर कर्जदाराची सही, जामीनदारांच्या सह्या. ज्याची सही नाही त्याच्या दारात तुम्ही नोटीस घेऊन जात नाही, आणि गेलात तर सहकार कायद्यातला १०१चा वसुली दाखला मिळणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. मग १९८२च्या या कर्जावर तुमची सही कुठे आहे? कर्जदार म्हणून नाही, जामीनदार म्हणूनही नाही. तरी त्रेचाळीस वर्षं तुम्ही हप्ते भरता आहात. मागे उभं राहणं हा हप्ता. न भरलेली ओटी हा हप्ता. शाखाधिकारीपद नाकारलंत तो तर फार मोठा हप्ता होता.

पूर्वी हिंदू कायद्यात बापाचं, आजाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं. २००५मध्ये हिंदू वारसा कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने ते बंद केलं. केवळ त्या कर्तव्याच्या आधारावर मुलावर, नातवावर, पणतवावर वसुली लावता येत नाही. आणि याच दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तुम्हाला हे माहीत असेलच. मला ते इथे आठवलं, कारण एकाच वेळी दोन्ही गोष्टी झाल्या. ज्यात तुमचा हात नव्हता ते देणं सुटलं आणि जो नाकारला जात होता तो वाटा मिळाला. तुमच्या घरातही या दोन गोष्टी एकदमच व्हायला हव्यात.

मात्र एक खातं खरोखर तुमच्या नावावर आहे. मुलीचं. तिथे तुमची सही आहे, आणि तिथलं देणं छोटं आहे, आज फेडता येण्यासारखं आहे. तिला शेजारी बसवा आणि सरळ सांगा, 'त्या रात्री मी तुला पायगुणाचं बोलले ते खोटं होतं. बाबांची नोकरी कंपनीने काढली. ते वाक्य मला माझ्या आजीकडून मिळालं होतं आणि मी ते तुझ्या अंगावर टाकलं. माझी चूक झाली.' यात 'पण मी तेव्हा टेन्शनमध्ये होते' असं काही जोडू नका. रडू आलं तर येऊ दे, फक्त तिला तुमची समजूत काढत बसावं लागेल असं करू नका. तिने विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर द्या. फार नेमकं विचारलंय त्या पोरीने. हो, आपल्या घरात ती गोष्ट मुलींनाच दिली गेली. मग तिला तो कागद दाखवा, दोन तारखांचा. चोवीस दिवस तिला स्वतःला मोजू दे.

'बुद्धीला पटतं, मनाला पटत नाही' असं तुम्ही लिहिलंत. असं होण्यालाही कारण आहे. चार-पाच वर्षांचं मूल जगाकडे स्वतःला मध्यभागी ठेवून बघतं. ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचारपद्धतीचा आयुष्यभर अभ्यास केला, त्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं. घरात काही वाईट झालं की लहान मुलाला ते आपल्यामुळेच झालं असं वाटतं, कुणी सांगितलं नाही तरी. तुम्हाला तर रोज सांगणारी माणसं होती. त्या वयात आत गेलेली गोष्ट नंतर बी.कॉम. करून बाहेर येत नाही.

शिवाय या समजुतीला तुम्ही रोज खाऊ घालता आहात. लग्नात तुम्ही मागे राहिलात आणि लग्न नीट पार पडलं, की मन म्हणतं, बघ, मागे राहिलीस म्हणून निभावलं. शाखा घेतली नाहीत, शाखा नीट चालली, की मन म्हणतं, बघ, नाही गेलीस ते बरं केलंस. म्हणजे काहीही वाईट न घडणं हाही तुमच्याविरुद्धचाच पुरावा. आणि चुकून कधी पुढे झालात आणि काही बिघडलं, तर मग विचारायलाच नको. या रचनेत तुम्ही निर्दोष ठरण्याची सोयच नाही. टाळणं हीच या समजुतीची भाकरी आहे. ती भाकरी बंद केल्याशिवाय नुसत्या विचारांनी समजूत हटणार नाही. म्हणून वास्तुशांत टाळू नका.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते आणि कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. तिच्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे घडलेली घटना आणि आपल्याला होणारा त्रास यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते, आणि ती समजूत तपासता येते. दुसरी म्हणजे कृतीला चूक किंवा बरोबर म्हणा, पण अख्ख्या माणसावर एक शेरा मारू नका. 'मुलीला बोलले ती चूक झाली' हे तपासता येतं, सुधारता येतं. 'मी पांढऱ्या पायाची' याचं काय करणार? त्यात सुधारायला जागाच ठेवलेली नाही.

आता तपासायचं कसं ते सांगते. स्वयंपाकघरात कालनिर्णय असेल, त्यावर तुम्ही दुधाचा हिशोब मांडत असाल. त्याच चौकोनात पेन्सिलने लिहायला लागा. आधी छोट्या गोष्टी घ्या. शेजारणीकडे सत्यनारायण आहे, सगळ्यांत आधी तुम्ही आत जा. जाण्याआधी लिहा, काय होईल असं वाटतंय. मोघम लिहू नका. 'त्यांचं वाईट होईल' चालणार नाही. काय होईल, किती दिवसांत होईल, ते लिहा. मुदत संपली की शेजारी लिहा, झालं की नाही. वसुलीच्या डायरीसारखंच. पहिल्या वेळी छातीत धडधडेल, हाताला घाम येईल, कदाचित रात्री झोप लागणार नाही. हे होणारच. त्यामुळे थांबू नका. महिनाभरात दहा-बारा नोंदी झाल्या की स्वतः वाचा. मधे कधी एखादी गोष्ट खरंच बिघडेल. कुणाचा पाय मुरगळेल, कुणाचं काम अडेल. तेव्हा तुम्ही पुढे न गेलेल्या दिवशी कुणाकुणाचं काय बिघडलं तेही लिहा. दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळेबंद होत नाही.

आईबद्दल लिहिताना मला माझी आई आठवते. तिचा धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. त्याच्या उशाशी तीच बसलेली होती आणि तिला डुलकी लागली होती. सत्तरीतही घरात कुणाला ताप आला की ती रात्रभर खुर्चीत ताठ बसायची, झोप म्हटलं की चिडायची. आम्ही तिला हट्टी म्हणायचो. ती डुलकीची गोष्ट मला मावशीकडून कळली, आई गेल्यावर. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. एकदा विचारलं असतं तर ती काय बोलली असती, हे मला आता कळणार नाही.

म्हणून सांगते, तुमची आई आहे तोवर विचारा. 'तू मला तसं का म्हणालीस' असं नको. त्याने ती बचावाला उभी राहील. दुपारी दोघी निवांत असताना विचारा, 'आई, संप लागला त्या जानेवारीत घरात काय काय होतं गं?' अडुसष्ट वर्षांची बाई म्हणजे तेव्हा ती पंचविशीची होती. पोटात नववा महिना, नवरा घरी बसलेला, सासू समोर. तिला कुणीच विचारलं नसेल की तू कसं निभावलंस. ती सांगेल किंवा पदराने डोळे पुसून उठून जाईल. दोन्ही चालेल. तुम्ही विचारलंत हे तिला कळेल.

त्याच वेळी ते वाक्य मात्र घरात बंद करा, विशेषतः मुलीसमोर. सिलिंडर संपला आणि आईने तुमच्याकडे पाहिलं, तर शांतपणे म्हणा, 'आई, सिलिंडर दीड महिना चालला, म्हणून संपला.' वाक्य उच्चारलंच तर म्हणा, 'हे आता या घरात नको.' भांडू नका, समजावत बसू नका, दर वेळी तेवढंच म्हणा. माफीचा प्रश्न आज सोडवायची गरज नाही. तिची काळजी तुम्ही घेताच आहात. माफी आतून आली तर येईल, नाही आली तरी तुम्ही वाईट मुलगी ठरत नाही.

आणखी एक. हे सगळं करताना फार अंगावर आलं, झोप उडाली, जगणंच नको वाटलं, तर एकटीने ओढत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्ही तर ठाण्याच्या अंगणात राहता. १९०१पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे आहे, त्याच्या बाह्यरुग्ण विभागात कुणीही जाऊ शकतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थही याच शहरात आहे. 'ठाण्याला पाठवू का' या एका टोमण्याने आपल्या कितीतरी माणसांना मदत घेण्यापासून रोखलं आहे. तुम्ही त्या टोमण्याला भिऊ नका.

आता ऐरोलीचं. भावजयीला आजच फोन करून सांगा, दूध मी उतू घालते. त्या दिवशी दूध तुम्हीच घेऊन जा, एक लिटर, छोट्या पातेल्यात ओता म्हणजे लवकर वर येईल. मुलीला ओट्याशी तुमच्या उजव्या हाताला उभी करा. आई मागे खुर्चीत बसली असेल, बसू दे. लायटर तुमच्या हातात घ्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. शेगडी बारीक करू नका. साय धरेल, कडेला बुडबुडे येतील, मग मधला भाग एकदम फुगून वर चढेल. तेव्हा तुमचा हात सवयीने बटणाकडे जाईल. त्याला थांबवा. दूध काठावरून खाली येऊ दे, शेगडीवर चर्र वाजू दे, ओट्यावर पसरू दे. मग मुलीला म्हणा, आता तू बंद कर.